तुमचे प्रश्न : पॉलिसी लावली खरी, पण मशीनवर उतरली का?

(कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करावीत.)

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत चाळीसेक विंडोज मशीन एका डोमेनवर (मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कवर) आहेत. पेनड्राइव्ह बंद आणि १० मिनिटांनी स्क्रीन लॉक, अशा पॉलिसी लावल्या आहेत. ऑडिटरना ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट या कन्सोलमधली (जिथून सगळ्या मशीनना सेटिंग लावतो) सेटिंग्जची प्रिंट दिली, तर त्यांनी ती परत केली. मग द्यायचं काय?

ऑडिटरचं बरोबर आहे. ती प्रिंट म्हणजे तुम्ही काय ठरवलंत त्याचा कागद. काउंटरवरच्या मशीनपर्यंत ते पोचलं का, हे मशीनलाच विचारावं लागतं.

त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ही कमांड द्या :

जीपीरिझल्ट /युजर डोमेन\क्लार्क /एच सी:\रिपोर्ट\काउंटर३.एचटीएमएल /एफ

‘डोमेन\क्लार्क’च्या जागी त्या काउंटरवर रोज बसणाऱ्याचं लॉगिन घाला. रिपोर्ट नावाचा फोल्डर आधी करून ठेवा. /एफ दिलं की त्याच नावाची जुनी फाइल असली तरी तिच्यावर नवी लिहिली जाते.

चुका इथेच होतात. साध्या प्रॉम्प्टवरून कमांड दिली तर फक्त यूजरची बाजू येते, कॉम्प्युटरची येत नाही. पेनड्राइव्हबंदी बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या बाजूला लावलेली असते, म्हणजे नेमकी तीच गायब. उलट, ॲडमिनच्या खात्याने प्रॉम्प्ट उघडून /युजर विसरलात, तर क्लार्कऐवजी ॲडमिनच्याच पॉलिसी छापून येतात. ‘डझ नॉट हॅव आरसॉप डेटा’ (आरसॉप म्हणजे प्रत्यक्ष लागलेल्या पॉलिसींची नोंद) असा निरोप आला तर घाबरू नका. त्या यूजरने त्या मशीनवर कधी लॉगिनच केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकदा लॉगिन करून घ्या आणि कमांड पुन्हा द्या.

फाइल ब्राउझरमध्ये उघडली की प्रत्येक सेटिंगसमोरचा ‘विनिंग जीपीओ’ रकाना बघा. जीपीओ म्हणजे ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, सेटिंग्जचा एक संच; कोणत्या संचाची सेटिंग लागली ते इथे कळतं. पॉलिसी आधी लोकल, मग साइट, मग डोमेन, मग ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला फोल्डरसारखा विभाग) या क्रमाने लागतात आणि एरवी शेवटची जिंकते. स्क्रीनसेव्हरचा टाइमआउट सेकंदांत असतो. तुमच्या १० मिनिटांसाठी तिथे ६०० दिसायला हवेत. त्याच्या जोडीला ‘पासवर्ड प्रोटेक्ट द स्क्रीन सेव्हर’ एनेबल नसेल, तर स्क्रीन नुसतीच काळी होईल, लॉक होणार नाही.

पॉलिसी आजच बदलली असेल तर रिपोर्टची घाई नको. मशीन साधारण ९० मिनिटांनी, त्यावर ० ते ३० मिनिटांच्या फरकाने, नवी पॉलिसी ओढतं. थांबायचं नसेल तर जीपीअपडेट /फोर्स.

आणि हो, कन्सोलमध्ये खाली ‘ग्रुप पॉलिसी मॉडेलिंग’ आणि ‘ग्रुप पॉलिसी रिझल्ट्स’ शेजारी शेजारी आहेत. रिझल्ट्स प्रत्यक्ष मशीनकडून निकाल मागवतं; मॉडेलिंग हा डोमेन कंट्रोलरवर (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) बसून बांधलेला अंदाज. ऑडिटला तो देऊ नका.

प्रश्न : प्रत्येक मशीनपाशी जायला नको म्हणून ‘रिझल्ट्स’मधून रिपोर्ट काढतो, तर निम्म्या मशीनवर ‘आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल’ येतं.

आधी मशीन चालू आहे का ते बघा (हसू नका, अर्ध्या वेळा हेच निघतं). चालू असेल तर फायरवॉल. कन्सोलमधल्या ‘स्टार्टर जीपीओज’मध्ये ‘ग्रुप पॉलिसी रिपोर्टिंग फायरवॉल पोर्ट्स’ हा तयार साचा मिळतो. फोल्डर रिकामा दिसला तर तिथलंच बटण दाबून तो तयार करून घ्या. या साच्यावरून नवा जीपीओ करा आणि मशीन असलेल्या ओयूला लिंक करा. रिमोट इव्हेंट लॉग आणि डब्ल्यूएमआय (मशीनची माहिती दुरून विचारण्याची विंडोजची सोय) यांचे लागणारे इनबाउंड नियम त्यात आधीच आहेत. सगळी फायरवॉल बंद करण्याचा शॉर्टकट कृपया मारू नका. रिपोर्ट काढणारा त्या मशीनवर ॲडमिन नसेल, तर त्याला ओयूच्या डेलिगेशनमध्ये ‘रीड ग्रुप पॉलिसी रिझल्ट्स डेटा’ ही परवानगी द्यावी लागते.

प्रश्न : अकाउंट्सच्या ओयूला किमान १२ अक्षरी पासवर्डची पॉलिसी लावली. मशीनच्या रिपोर्टमध्ये १२ दिसतं, तरी लोक ८ अक्षरांचा पासवर्ड ठेवतात. रिपोर्ट खोटा आहे का?

रिपोर्ट खरा आहे, पण तो वेगळ्या खात्यांबद्दल बोलतोय. ओयूला लावलेली पासवर्ड पॉलिसी त्या ओयूतल्या मशीनच्या लोकल खात्यांना लागते. डोमेनच्या खात्यांचा पासवर्ड डोमेनला लिंक केलेल्या पॉलिसीवरूनच ठरतो. एकाच विभागाला वेगळा नियम हवा असेल तर ‘फाइन-ग्रेन्ड’ पासवर्ड पॉलिसी करा. ती ओयूला नव्हे, ग्रुपला किंवा यूजरला लागते. ती जीपीरिझल्टमध्ये दिसत नाही; पॉवरशेलमध्ये गेट-एडीयूजररिझल्टंटपासवर्डपॉलिसी ही कमांड यूजरचं नाव देऊन चालवा. उत्तर रिकामं आलं तर त्या यूजरला डोमेनचीच पॉलिसी लागू आहे.

प्रश्न : यूजरची एक पॉलिसी फक्त एका ग्रुपसाठी ठेवायची म्हणून ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ काढून टाकलं. आता ती कोणालाच लागत नाही.

जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून यूजरच्या पॉलिसीसुद्धा मशीनच्या खात्याने वाचल्या जातात. ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’मध्ये मशीनची खातीही येतात, म्हणजे तुम्ही मशीनचा वाचायचा हक्कच काढून घेतलात. डेलिगेशन टॅबमध्ये ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ला फक्त ‘रीड’ द्या, ‘अप्लाय’ नको. ग्रुपचं फिल्टर आहे तसं राहील. यूजरला लॉगऑफ-लॉगिन करायला सांगा आणि रिपोर्ट पुन्हा काढा.

प्रश्न : रिपोर्टऐवजी आरसॉप डॉट एमएससी (लागलेल्या पॉलिसी दाखवणारं विंडोजचं टूल) वापरलं तर चालेल?

सेटिंग चटकन बघण्यापुरतं चालेल. पण ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस, म्हणजे मॅप केलेले ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे, त्यात येत नाहीत.