फेरो, तुली, लातुम

प्रश्न असा आहे : ‘वाहून नेणे, आणणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘फेरो’चा भूतकाळ ‘तुली’ कसा, आणि हे क्रियापद संस्कृत ‘भृ’ (वाहणे, धारण करणे) या धातूवरून आले का?

‘भृ’वरून आलेले नाही. लॅटिन संस्कृतातून निघाली हे विधान ऐकून ऐकून संताप येतो. दोन्ही भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या आणि ती भाषा कदाचित आज उरलेली नाही, हे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स १७८६ मध्येच कलकत्त्यात सांगून गेले. या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. मूळच्या शब्दारंभीच्या ‘भ’चा लॅटिनमध्ये ‘फ’ झाला : भ्राता–फ्रातेर, तसे भरामि–फेरो, भरन्ति–फेरुन्त.

खरे रत्न आहे ते ‘फेर्त’, म्हणजे ‘तो नेतो’. फेर्स, फेर्त, फेर्तिस (तू नेतोस, तो नेतो, तुम्ही नेता) यांत धातू आणि प्रत्यय यांच्या मधला स्वर नाही. तो मागाहून गळाला, असे अनेक अभ्यासक ठरवून मोकळे होतात. मग ‘सेरो’चे, म्हणजे ‘गुंफतो’चे, ‘सेरित’ कसे टिकले? तिथेही तोच ‘र’ आहे, तरी स्वर शाबूत! आणि ऋग्वेदात ‘भरति’बरोबर ‘भर्ति’ही येते, त्याचे काय करायचे? धातूला थेट प्रत्यय लावण्याची जुनी रीत ‘भर्ति’ आणि ‘फेर्त’ या दोघांनी जपली, असेच मी मानतो. ‘अनियमित’ असा शिक्का मारून हे रूप पाठ करायला लावणे म्हणजे त्याचे प्राचीनत्व झाकणे.

‘तुली’चा धातूच वेगळा : उचलणे, पेलणे. आपली ‘तुला’ आणि ‘तोलणे’ त्याच कुळातले. जुना रोमन नाटककार प्लाउतुस याच्या नाटकांत जुने ‘तेतुली’ सापडते. त्यातले द्वित्व, म्हणजे धातूच्या आरंभाची पुनरावृत्ती, ‘भृ’च्या ‘बभार’ या भूतकाळी रूपामधल्यासारखे. ‘फेरो’चे तिसरे रूप ‘लातुम’, ज्यावरून ‘नेलेला’ हे रूप होते, तेही याच धातूचे, मुळात ‘त्लातुम’. शब्दारंभीचा ‘त्ल’ लॅटिनला चालेना, म्हणून ‘त’ गेला. एका क्रियापदात दोन धातू यात नवल नाही. मराठीत ‘जातो’ हा ‘या’चा आणि ‘गेला’ हा ‘गम्’चा, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

पण ‘तुली’ ज्या ‘तोल्लो’चे, म्हणजे ‘उचलतो’चे, हक्काचे रूप, त्याच्याकडे मग भूतकाळच उरला नाही. त्याने त्याच ‘तुली’, ‘लातुम’ची उपसर्ग लावलेली रूपे घेतली : सुस्तुली, सुब्लातुम.