जागा बदलण्याआधी

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गाण्या-जेवणाच्या क्लबचा भाडेकरार वाढवून मिळणार नाही हे तुझ्या पत्रातून कळलं आणि वाईट वाटलं. जिथे इतकी वर्षं रोज संध्याकाळी कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघायचा साउंडचेक झाला, ती जागा सोडणं सोपं नाही. पण खरी काळजी वाटली ती पुढच्या पानावरच्या एका वाक्यानं. पाहिलेल्या तीन जागांपैकी तुला सगळ्यांत मोठी आवडली आहे, कारण ‘बसायची सोय जवळजवळ दुप्पट होईल’. सहीची घाई करू नकोस. आधी हे पत्र पुरतं वाच.

लोक तुझ्याकडे गाणं ऐकायला आणि जेवायला येतात. पण पुन्हा पुन्हा येतात ते जवळ बसायला मिळतं म्हणून. गाणारीनं ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, ड्रमरनं बासवाल्याकडे टाकलेली नजर दिसते. हे अंतर नव्या जागेत टिकलं तर बाकीचं हळूहळू बसवता येतं. ते वाढलं की कितीही खर्च केलास तरी भरून निघत नाही.

म्हणून जुन्या जागेतला एक खिळाही काढण्याआधी तिची मापं घे. स्टेज जमिनीपासून किती उंच आहे, पहिल्या टेबलाची कड स्टेजपासून किती लांब आहे, शेवटच्या खुर्चीवरून वादकाचे हात दिसतात की नुसतं डोकं, छत किती उंच आहे, सगळं वहीत उतरव. मग सकाळी, खोली रिकामी असताना, स्टेजवर उभा राहून एक टाळी वाजव आणि ती रेकॉर्ड कर. तीच टाळी रात्री खोली भरलेली असताना त्याच जागेवरून वाजव. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकलीस की लक्षात येईल, तुझ्या खोलीचा निम्मा आवाज माणसांनी घडवलेला आहे. अंगावरचे कपडे, माणसांची शरीरं, गाद्या हे सगळं आवाज शोषून घेतं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानाचं सभागृह दुरुस्त करायला सांगितलं. तिथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त काळ घुमत राहायचा. सॅबिननं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून मांडल्या आणि दर वेळी घुमण्याचा काळ मोजला. आजही ध्वनितज्ज्ञ त्याच हिशेबावर खोली मोजतात. तुला सूत्र पाठ करायची गरज नाही, पण नवी रिकामी जागा बघून ‘आवाज छान आहे’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. ती भरल्यावर वेगळी वाजेल, आणि अर्धी भरल्यावर आणखी वेगळी.

आता आकाराबद्दल. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब १९३५ पासून चालू आहे. तळघरातली, एका टोकाला निमुळती होत गेलेली खोली, १२३ जणांची सोय. जगातल्या मोठमोठ्या जॅझ वादकांनी तिथे रेकॉर्डिंग केलं, तरी खोली तेवढीच राहिली. तिथलं स्वयंपाकघर तर पुढे बंदच झालं, आणि आज वादक मध्यंतरात तिथेच बसतात. तू किचन बंद करावंस असं मी अजिबात म्हणत नाही, तुझं अर्धं घर त्यावर चालतं. पण त्यांनी एक गोष्ट ठरवली आणि तिच्याशी इमान राखलं, ते बघ.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे मी फक्त लहान जागेचा कैवारी आहे असं तुला वाटायला नको. कॅलिफोर्नियातलं योशीज हे बर्कलीत एक छोटं जपानी रेस्टॉरंट म्हणून सुरू झालं, मग ओकलंडमध्ये गेलं, तिथे संगीत आलं, आणि १९९७ मध्ये ते जॅक लंडन स्क्वेअरच्या मोठ्या जागेत गेलं. ते स्थलांतर नीट पार पडलं, कारण तेव्हा श्रोते आधीपासून होते आणि जागा त्यांना अपुरी पडत होती. २००७ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आणखी एक मोठी शाखा काढली, ती मात्र २०१४ मध्ये सोडून द्यावी लागली. माझ्या मते तुझ्यापुरता प्रश्न असा आहे : आठवड्याच्या मधल्या, पावसाच्या, कुणी नावाजलेलं गात नाही अशा रात्री तुझ्याकडे किती जण येतात? तो आकडा घे आणि तेवढीच माणसं नव्या खोलीत बसवून बघ. खोली ओकीबोकी दिसली तर गाणारा ती रात्र कशीबशी संपवेल आणि आलेले लोक चुकीच्या दिवशी आलो असं समजून घरी जातील. भरलेल्या शनिवारच्या भरवशावर जागा घेऊ नकोस. भाडं मंगळवारचंही द्यावं लागतं.

किचनबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तुझ्या वास्तुविशारदानं पाठवलेल्या कच्च्या नकाशात किचनचं दार थेट स्टेजच्या डाव्या हाताला उघडतं. कागदावर ते सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघ. गायिका शेवटच्या अंतऱ्यावर आली आहे, ड्रम थांबलेत, फक्त पियानो चालू आहे. तेवढ्यात दार ढकललं जातं. आतला पांढरा उजेड पहिल्या तीन टेबलांवर पडतो, एक्झॉस्टची घरघर बाहेर येते, आत कुणीतरी ‘दोन नंबर तयार’ म्हणून ओरडतं. दार मिटतं. सगळं मिळून चार सेकंद. त्या चार सेकंदांत पुढच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवलेली असते आणि गायिकेनं ते पाहिलेलं असतं. मी आयुष्याचा मोठा भाग कार्यक्रमातला आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरच्या मागे बसून काढला, आणि त्यावरच्या फेडरनं, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या खटक्यानं, ही गोष्ट कधीच दुरुस्त होत नाही.

म्हणून किचन आणि हॉल यांच्यामध्ये छोटी मार्गिका हवी, दोन दारांची, एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आतला उजेड मंद करायची सोय हवी. बर्फाचं मशीन, ब्लेंडर, कॉफीचं मशीन हॉलमधल्या बारवर ठेवू नकोस, भिंतीमागे ने. फ्रिजचे कॉम्प्रेसर स्टेजला लागून असलेल्या भिंतीवर नकोत. आणि ध्वनियंत्रणेची वीज किचनच्या मोटारी व दिव्यांच्या डिमरपासून पूर्ण वेगळी घे, वेगळ्या पॅनेलवरून, योग्य अर्थिंगसह. नाहीतर स्पीकरमधून बारीक गुणगुण येत राहील आणि ती कुठून येते हे शोधण्यात तुझा पहिला महिना जाईल. इलेक्ट्रिशियनला हे तोंडी सांगून भागत नाही, नकाशावर लिहून दे.

जेवणाची वेळही आतापासून ठरव. मुख्य पदार्थ कार्यक्रम सुरू होण्याआधी टेबलावर पोचले पाहिजेत. गाणं चालू असताना फक्त पेय आणि हातानं, आवाज न करता खाता येणाऱ्या गोष्टी. बिल कधीही शेवटच्या गाण्यात नको. मध्यंतरात किंवा टाळ्या पूर्ण थांबल्यावर. तुझ्या जुन्या वेटरना हे न सांगता कळतं. ते गाण्यातल्या जागा ओळखतात, टाळ्यांच्या आडोशानं प्लेट उचलतात. नव्या जागेत माणसं वाढवावी लागली तर नव्यांना आधी आठवडाभर जुन्या जागेत, या लोकांच्या हाताखाली उभं कर. हे लोक गमावलेस तर उत्तम स्पीकर घेऊनही उपयोग नाही, म्हणून जागा बदलते आहे ही बातमी त्यांना बाहेरून कळू देऊ नकोस. आधी त्यांना सांग, प्रत्येकाची नोकरी आहे की नाही ते स्पष्ट सांग, आणि बंद असलेल्या दिवसांचा पगार कसा देणार हेही.

शेजाऱ्यांचा विषय गंभीर आहे. जुनं ठिकाण इतकी वर्षं तिथे होतं, लोकांना सवय झाली होती. नव्या ठिकाणी तू नवा शेजारी आहेस. गायकाचा आवाज भिंत सहज अडवते; त्रास देतो तो बास, म्हणजे खालचे जाड स्वर. पन्नास हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांच्या, स्वराची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. तो भिंतीला, जमिनीला, खांबांना हलवत इमारतीच्या सांगाड्यातून वर चढतो. भिंतीवर फोम चिकटवला की आवाज बाहेर जायचा थांबतो, हा गैरसमज मनातून काढून टाक. फोम खोलीच्या आतले वरचे स्वर थोडे मऊ करतो, बास त्यातून जसाच्या तसा जातो. बास अडवायला वजन लागतं, आणि मध्ये पोकळी ठेवून एकमेकींना न चिकटणाऱ्या दोन भिंती लागतात. हे काम महाग असतं आणि नंतर करता येत नाही.

फोमबद्दल आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा ज्वलनशील फोम पेटला. शंभर माणसं गेली. बरेच जण ज्या दारानं आत आले होते त्याच दाराकडे धावले आणि तिथे अडकले. स्टेजमागे, पडद्यात, छतात जे काही लावशील त्याचं अग्निरोधक प्रमाणपत्र स्वतः डोळ्यांनी बघ. जास्तीची दोन टेबलं मावतात म्हणून बाहेर पडायच्या वाटेत काहीही ठेवू नकोस. वादकांच्या रिकाम्या पेट्यासुद्धा नाहीत.

तर, सही करण्याआधी मालकाकडून एका रात्रीची परवानगी घे. तुझा सबवूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर, तिथे ने, नेहमीच्या आवाजात लाव, आणि वरच्या मजल्यावरच्या घरातली माणसं तयार असतील तर त्यांच्या झोपायच्या खोलीत जाऊन उभा राहा. उशाच्या भिंतीला हात लाव. हाताला कळलं तर त्यांना रोज रात्री कळेल. काही ठिकाणी आता कायदा संगीताच्या बाजूनं थोडा झुकला आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्ये आणि इंग्लंडनं २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत असं तत्त्व आणलं की, जो नंतर येतो त्यानं आवाजाचा बंदोबस्त करायचा. म्हणजे जुन्या क्लबशेजारी नवी घरं बांधली तर भिंती जाड करायची जबाबदारी बांधणाऱ्याची. पण नीट बघ, तू जागा बदललीस की नंतर येणारा तूच ठरतोस. जुना वारसा तिथे कामाला येत नाही.

परवान्यांचंही तसंच. बरेचसे परवाने माणसाला नाही, जागेला दिलेले असतात. वकिलाला गाठ, आणि परवाने न मिळाल्यास करार रद्द करता येईल असं कलम घातल्याशिवाय अनामत देऊ नकोस.

पियानो. त्याला सामानाच्या गाडीत बाकीच्या खुर्च्यांबरोबर टाकायचं नाही. पियानो हलवणारी माणसं वेगळी असतात. ती पाय आणि पेडलचा सांगाडा काढतात, गुंडाळून त्याला सरळ कडेवर फळीवर उभा करतात. नव्या जागेत त्याला एअर कंडिशनरच्या झोतापासून आणि किचनच्या वाफेपासून लांब ठेव. आल्याबरोबर सुरात लावून घेण्यात अर्थ नाही. लाकडाला नव्या हवेत स्थिरावायला दोनतीन आठवडे दे आणि मग ट्यूनरला बोलव. म्हणजे उद्घाटनाची तारीख पियानोला विचारून ठरव.

जुन्या जागेतून काय न्यायचं, असं तू विचारलं आहेस. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा कार्यक्रम १९७४ मध्ये रायमन सभागृहातून नव्या ऑप्री हाउसमध्ये गेला, तेव्हा त्यांनी जुन्या स्टेजच्या ओक लाकडातून सहा फुटांचं एक वर्तुळ कापून नव्या स्टेजच्या मधोमध बसवलं. आजही गायक त्यावर उभे राहतात. त्यांनी फोटो टांगले नाहीत, गाणाऱ्याच्या पायाखाली जुनं लाकूड दिलं, म्हणून मला ते फार पटतं. तूही वापरात राहील असं काहीतरी ने. भिंती जुन्या पोस्टरनी झाकून संग्रहालय करू नकोस, तिथे वाजवायला येणाऱ्या विशीतल्या मुलांना ते ओझं होतं.

जमलं तर दोन्ही जागा थोडे दिवस एकत्र हातात ठेव. लंडनचा रॉनी स्कॉट्स हा जॅझ क्लब १९५९ मध्ये जेरार्ड स्ट्रीटवरच्या तळघरात सुरू झाला आणि १९६५ मध्ये फ्रिथ स्ट्रीटवर गेला. जुन्या जागेचा करार बाकी होता, तर तो संपेपर्यंत, १९६७ पर्यंत, त्यांनी ती तरुण वादकांना दिली. तुला एवढा काळ परवडणार नाही हे मला माहीत आहे. पण दोन आठवड्यांचा मेळ बसला तरी नव्या खोलीत तिकीट न लावता वाजवून बघता येईल, वेटरना अंतरं पाठ होतील, आणि चुका नेहमीच्या श्रोत्यांसमोर होतील. तेच सगळ्यांत समजूतदार असतात. पहिल्या रात्री मोठं नाव बोलावू नकोस. दर बुधवारी वाजवणाऱ्या आपल्या मुलांना बसव. त्यांना तुझ्या खोलीत कसं वाजवायचं ते माहीत आहे, तर नवी खोली कुठे चुकते हेही तेच आधी सांगतील.

आता तिन्ही जागांचे नकाशे मापांसह पाठव. मोठ्या जागेचाही पाठव, मी तिच्याकडे पूर्वग्रह न ठेवता बघेन. कदाचित मधे भिंत घालून अर्धाच भाग घेता येईल. नकाशावर किचनचं दार, सामान उतरवायचा जिना आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं ते लिहायला विसरू नकोस. टाळीची दोन्ही रेकॉर्डिंगही हवीत. ती आली की फोनवर बसून सगळं मांडू, आणि तोपर्यंत मालकांना काहीही लेखी देऊ नकोस.

तुझा,
काका