शोधनिबंधातला 'च'

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहते. एम.ए.चा लघुशोधप्रबंध लिहीत आहे, विषय आमच्याकडची कापसाची शेती. मार्गदर्शकांनी 'हा लेख झाला, शोधनिबंध नाही' असा शेरा मारला. 'शेती'चं 'कृषी' आणि 'बाया'चं 'स्त्रिया' केलं की काम होईल का? एक वाक्य नमुन्याला देते : '2017 साली बोंडअळीनेच शेतकरी बुडवला.'

उत्तर : नाही ताई, त्यानं वाक्य फक्त जड होईल, शेरा तसाच राहील.

तुमचं वाक्य पारावर बिनतोड आहे. 'बोंडअळीनंच बुडवलं ना राजेहो' म्हटल्यावर तिथं कोणी पुरावा मागत नाही, कारण ऐकणाऱ्यानं आपल्या वावरातली किडकी बोंडं स्वतः फोडून पाहिलेली असतात. वर्तमानपत्रातल्या लेखातही ते खपेल. तिथला 'च' कळकळीचा. शोधनिबंधात मात्र तोच 'च' बाकीची सगळी कारणं खोडून टाकतो. मग परीक्षक विचारणारच : पावसाचा खंड, हलकी जमीन, पडलेला भाव, सावकार, यातल्या कशाचाही हात नव्हता हे कुठं दाखवलं? 'बुडवला' म्हणजे उत्पादन घटलं की कर्ज वाढलं?

'मुलाखत दिलेल्या इतक्या शेतकऱ्यांपैकी इतक्यांनी 2017 मधील नुकसानीचे मुख्य कारण गुलाबी बोंडअळी असल्याचे सांगितले' असं लिहा. 'इतक्या'च्या जागी तुमचे आकडे. इथं शेतकऱ्यांनी काय सांगितलं एवढंच तुम्ही म्हणता. खरंच काय झालं, हा वेगळा दावा आणि त्याला वेगळा पुरावा.

कीटकशास्त्रज्ञही 'अळीचे पतंग लय झाले' म्हणून थांबत नाहीत. गुलाबी बोंडअळीसाठी त्यांचा निकष असा : एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग 3 रात्री रोज 8 पतंग सापडले, किंवा 10 टक्के फुलं वा हिरवी बोंडं किडलेली निघाली, की उपाय करायचा. दुसऱ्या कोणालाही वावरात जाऊन ते मोजून ताडता येतं. आणि बघा, यात बोजड शब्द एकही नाही.

'सर्वेक्षण करण्यात आले' हे मला सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, कोणी केलं ते त्यात दडून जातं. घरोघरी तुम्ही फिरलात, तर 'मी मुलाखती घेतल्या' लिहायला माझी हरकत नाही. काही विभागांना 'मी' खपत नाही. तिथं 'प्रस्तुत अभ्यासकाने'.

पऱ्हाटी (कपाशीचं झाड), वेचा (कापसाची वेचणी), डोमकळी हे शब्द काढू नका. पहिल्यांदा येतील तिथं अर्थ द्या, जसं 'डोमकळी : अळी लागल्याने नीट न उमललेले फूल', पुढं बिनधास्त वापरा. मुलाखतीतलं बोलणंही जसंच्या तसं ठेवा. 'हाये'चं 'आहे' केलंत तर पुराव्यातच फेरफार होईल. बोलणाऱ्याचं नाव तेवढं बदला.