हिप हॉपमध्ये जुन्या रेकॉर्डचे तुकडे घेतात, ही चोरी नाही का?

सरसकट चोरी म्हणता येणार नाही. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून नुसता ड्रमचा तुकडा लांबवत न्यायचा. लोक त्यावरच नाचायचे. पुढे सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारी यंत्रं, आली आणि तोच तुकडा कापून, उलटसुलट जोडून नवं गाणं उभं राहू लागलं. हे अस्सल कसब आहे.

पण श्रेयाचं काय? द विन्स्टन्स या बँडच्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ड्रमर ग्रेगरी कोलमनचा जेमतेम सात सेकंदांचा ड्रम हजारो गाण्यांत वाजला, त्याला मात्र रॉयल्टी मिळाली नाही. हे मला फार लागतं. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीने परवानगीशिवाय तुकडा वापरलेल्या गाण्यावरून कोर्टाचा निकाल त्याच्या विरोधात लागला, तेव्हापासून अमेरिकेत आधी परवानगी घेणं कंपन्यांना भागच पडलं.