सुरुवात प्लेटोपासून नको

ग्रीक काव्यातली दैवी प्रेरणा समजून घ्यायची असेल तर प्लेटोचा ‘आयॉन’ हा संवाद आधी उघडू नका. त्यातली लोहचुंबकाची उपमा (चुंबकाची ओढ एका कडीतून दुसरीत जावी तशी प्रेरणा देवीकडून कवीत, कवीकडून गायकात उतरते) इतकी पकड घेते की मग होमरचा गायकही भान हरपलेला वाटू लागतो. तो तसा नाही.

होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातल्या ४८४ ते ४९३ या 10 ओळी आधी वाचा. ट्रॉयवर चालून आलेल्या जहाजांची यादी सांगण्यापूर्वी कवी म्यूझना, म्हणजे काव्याच्या देवींना, म्हणतो: तुम्ही तिथे होता, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आमच्या कानी फक्त कीर्ती येते. इथे मागणी माहितीची आहे, उन्मादाची नाही. नंतर ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गातला गायक फेमिओस पाहा. मी स्वतःच शिकलो आणि देवाने माझ्यात गाणी रुजवली, हे दोन्ही तो एकाच दमात म्हणतो. इथे थांबून विचार करा, घाई नको. मग हेसिओड हा दुसरा प्राचीन ग्रीक कवी, शेवटी प्लेटो.

होमरच्या ओळी मूळ ग्रीकमध्ये मोठ्याने वाचा. प्रत्येक ओळीत सहा गण, प्रत्येकी गुरू-लघु-लघु किंवा गुरू-गुरू. शेवटचा गण मात्र दोनच अक्षरांचा. वृत्तं म्हणायची सवय असेल तर कान लवकर बसेल. आघात देऊन वाचलंत तर लय मोडते. अक्षराचा काळ सांभाळा.

आणखी एक: फेमिओसच्या हाती तंतुवाद्य असतं, पुढच्या काळातल्या ऱ्हाप्सोडच्या, म्हणजे महाकाव्यं म्हणून दाखवणाऱ्याच्या, हाती काठी. दोघांची गल्लत करू नका.