‘धार्मिक व्यवसायाचा विवेक’ की ‘पाचारणाची पारख’?

प्रश्न असा आहे: कॅथलिक तरुणांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणताना ‘डिसर्निंग अ रिलिजस व्होकेशन’ला काय म्हणावे? विचारणाऱ्यांनी कोश उघडला, व्होकेशनला ‘व्यवसाय’ आणि डिसर्नमेंटला ‘विवेक’ सापडला. त्यातून ‘धार्मिक व्यवसायाचा विवेक’ तयार झाला आणि त्यांचा त्यांनाच खटकला. खटकायलाच हवा होता. तीनही शब्द चुकीच्या जागी बसले आहेत.

‘व्यवसाय’ चटकन बाद करू. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘बोलावणे’, आणि ख्रिस्ती मराठीत त्यासाठी ‘पाचारण’ केव्हाचा रुळलेला आहे. मराठी बायबलात पौलाच्या पत्रांमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो. आजच्या कानाला तो जरा सरकारी वाटतो हे खरे, कारण बातम्यांत अग्निशामक दलाला पाचारण केले जाते. पण त्याचे व्याकरण पाहा. ‘मी पाचारण केले’ म्हटले की बोलावणारा मी होतो. ज्याला बोलावले त्याने ‘मला पाचारण झाले’ असेच म्हणायचे. करणारा दुसरा कोणीतरी आहे, हे त्या ‘मला’मध्येच आले. व्यवसाय मी निवडतो आणि बदलतोही. पाचारणाला फार तर ओ देता येते, किंवा कानाडोळा करता येतो.

‘धार्मिक’ मात्र खरा घात करतो. इथे ‘रिलिजस’ म्हणजे भाविक नव्हे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना कॅथलिक परिभाषेत तसे म्हणतात. म्हणून ‘व्रतस्थ जीवनाचे पाचारण’. धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा, धर्मगुरू ब्रह्मचर्य आणि बिशपचे आज्ञापालन मान्य करतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. त्याच्यासाठी ‘धर्मगुरुपदाचे पाचारण’ वेगळे लिहावे. विवाह हेही पाचारणच मानले जाते, त्यामुळे नुसते ‘पाचारण’ लिहून भागत नाही.

आता अवघड शब्द. ‘विवेक’ म्हटला की मराठी मन थेट सदसद्विवेकाकडे जाते: हे चांगले, ते वाईट, हे नित्य, ते अनित्य. पण जी मुलगी संसार की मठ असा विचार करते आहे, तिच्यापुढे एक पाप आणि एक पुण्य असे पर्याय नाहीत. दोन्ही चांगलेच आहेत. जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाती तर बजावतात की अशी निवड मुळात दोन योग्य गोष्टींमध्येच करायची असते. वाईटाला नकार देण्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. मग तपासायचे काय? मनात उठणारी ओढ कुठून येते, ते. देवाकडून, की कौतुकाच्या हावेतून, की घरच्यांच्या अपेक्षेतून, की लग्नाच्या धास्तीतून? अस्सल-नकली ताडण्याच्या या कामाला मराठीत ‘पारख’ म्हणतात.

इग्नातींचा स्वतःचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय फुटला. घरी पडून असताना त्यांना वाचायला हव्या होत्या शिलेदारीच्या कथा, हाती आले ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. मग मन दोन्हीकडे धावू लागले. पराक्रम गाजवून एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी संपादण्याची स्वप्ने रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडे पडायचे. अनवाणी जेरुसलेमला जाण्याचा विचार मात्र सरल्यावरही मागे आनंद ठेवून जायचा. विचार येताना दोन्ही गोडच होते. फरक कळला तो चव मागे किती राहते यावरून. पारखेला वेळ लागतो तो असा. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियमही याच अनुभवाच्या जातीचा.

‘देवाचा कौल’ असेही कोणीतरी सुचवले आहे. शब्द गोड आहे, पण कौल ताबडतोब मिळतो आणि एकदा मिळाला की वाद संपतो. इथे तसे होत नाही. बायबलातला शमुवेल रात्री हाक ऐकून उठला आणि धावत गेला तो वृद्ध एलीकडे. एकदा नाही, तीनदा! हाक खरी होती, कानही शाबूत होते, पण हाक मारणारा कोण हे एलीने सांगितले तेव्हा उमगले. ‘पारख’ शब्दात ‘पारखी’ आपोआप येतो, हा त्याचा आणखी एक फायदा. पाचारण झाले असे एकट्याने ठरवून चालत नाही, संघालाही ते पटावे लागते. कॅनन लॉनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, नॉव्हिशिएट (व्रते घेण्याआधीचा उमेदवारीचा काळ) किमान बारा महिन्यांचे असते, नंतरची तात्पुरती व्रते किमान तीन वर्षांची, आणि वयाची २१ वर्षे पुरी झाल्याखेरीज अंतिम व्रते घेता येत नाहीत. एवढा काळ पारख दोन्ही बाजूंनी चालू असते.

तेव्हा मथळा ‘व्रतस्थ जीवनाच्या पाचारणाची पारख’ असा करावा. लांब आहे, पण चुकीचा नाही. बोलण्याच्या ओघात ‘पाचारण ओळखणे’ चालेल. फक्त ‘ओळखले’ म्हटले की काम संपल्यासारखे वाटते, म्हणून अजून विचारात असलेल्याबद्दल ‘पाचारण जाणवते आहे, पारख चालू आहे’ असे लिहावे. आणि पुस्तिकेत सेमिनरीतून (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतून) किंवा नॉव्हिशिएटमधून परतलेल्यांचा उल्लेख येणार असेल, तर ‘पाचारण सोडले’ हा सर्रास होणारा प्रयोग कृपया टाळा. पारख पूर्ण झाली आणि उत्तर ‘हे माझे नव्हे’ असे आले, इतकेच तिथे घडलेले असू शकते. ‘सोडले’मध्ये ठपका आहे. ‘परतले’ लिहा.