कॅम बदलण्याआधी एवढं वाच

मित्रा, कॅमशाफ्ट (कॅम), म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, स्वतः ताकद तयार करत नाही, तो इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देतो. क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) 2 फेरे होतात तेव्हा कॅमचा 1 होतो, आणि व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे त्याचे लोब (दांड्यावरचे उंचवटे) ठरवतात. परफॉर्मन्स कॅममध्ये दोन्ही वाढवलेलं असतं. जास्त आरपीएमला (मिनिटाला जास्त फेरे) सिलिंडर भरायला वेळच मिळत नाही, तिथे उशिरा मिटणारा इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह कामी येतो. पण कमी आरपीएमला तोच उशीर नडतो: वर येणारा पिस्टन आत आलेली हवा मागे ढकलतो, टॉर्क (ओढ) पडतो, आयडलिंग अडखळतं. म्हणून रोजच्या गाडीला सौम्य कॅमच घे, यादीतला सगळ्यात मोठा नको.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला साजेशा घाल. आणि हे अजिबात चुकवू नकोस: पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा (मॉडेलिंग क्लेचा) थर थाप, हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) बसव, टायमिंग जुळवून क्रँक हाताने 2 फेरे फिरव. मग हेड काढ, व्हॉल्व्हचा ठसा उमटलाय तिथे माती ब्लेडने काप आणि उरलेली जाडी मोज; तीच व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली मोकळी जागा. मी एकदा घाईत हे टाळलं, आणि वाकलेले व्हॉल्व्ह बाहेर काढावे लागले.